खाते क्रमांक बरोबर आहे, पण नाव कुणाचं?

रविवारी संध्याकाळी भाचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे गोरेगावला आला. मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत त्याने रिसेलचा फ्लॅट ठरवला आहे. करारनाम्याचा मसुदा तयार होता, आणि गृहकर्ज सुटण्याआधी स्वतःच्या हिश्श्याचे, एजंट लोक ज्याला ओसीआर म्हणतात ते, अठरा लाख रुपये विकणाऱ्या बाईंना आरटीजीएसने पाठवायचे होते. मी तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून ‘मावशी, तू फक्त शेजारी बस’ एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याने खाते क्रमांक दोनदा टाकला, आयएफएससी टाकला आणि नाव पडताळण्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं : सुमन. करारनाम्यात होतं मंगल. आडनावही वेगळं.

त्याने एजंटला फोन लावला. मी ऐकत होते. ‘साहेब, अकाउंट नंबर बरोबर आहे ना? मग नावाचं काय एवढं? पैसे नंबरवर जातात, नावावर नाही. आजच टाका, दुसरी पार्टी तयार बसलीय.’

दुसऱ्या पार्टीचं सोडून द्या, ती प्रत्येक व्यवहारात तयारच बसलेली असते. पण त्याच्या आधीचं वाक्य अक्षरशः खरं आहे. आपल्या देशात बँकेतून पाठवलेला पैसा नंबरवर जातो, नावावर जात नाही. हे वाक्य खरं असावं याचाच मला राग आहे, आणि म्हणून हा लेख.

१४ ऑक्टोबर २०१० रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. एनईएफटी, आरटीजीएस यांसारख्या मार्गांनी आलेली रक्कम जमा करताना बँकांनी फक्त खाते क्रमांकावर भिस्त ठेवावी. लाभार्थ्याचं, म्हणजे पैसे घेणाऱ्याचं, नाव लिहिणं सक्तीचं, पण रक्कम जमा करण्यासाठी ते जुळलंच पाहिजे असं नाही. माहिती, विशेषतः खाते क्रमांक, बिनचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. १ जानेवारी २०११ पासून हे लागू झालं. ग्राहकांना तशी स्पष्ट सूचना फॉर्मवर आणि नेट बँकिंगच्या पडद्यावर द्या, असंही त्यात होतं. ती बारीक अक्षरांतली सूचना आपण सगळ्यांनी शेकडो वेळा खूण करून पुढे ढकललेली आहे.

त्या निर्णयामागचं कारण मला आतून ठाऊक आहे, म्हणून मी त्याला निव्वळ बेफिकिरी म्हणणार नाही. व्यवहारांची संख्या वाढत चालली होती आणि प्रत्येक नाव माणसाने डोळ्यांनी ताडायचं म्हटलं तर निम्मी रक्कम संध्याकाळपर्यंत लोंबकळत राहिली असती. ‘सावंत’ कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. गावडे, गवाणकर, वाघ, सगळ्यांची तीच कथा. कुणी आडनाव आधी घालतं, कुणी वडिलांचं नाव पूर्ण लिहितं, कुणी नुसतं आद्याक्षर. संगणकाला हे सगळे वेगवेगळे लोक दिसतात. नंबर मात्र एकच असतो. कामाच्या वेगासाठी नाव बाजूला ठेवलं गेलं.

पण त्याआधी नाव काय होतं, हे आज चेक न वापरणाऱ्या पिढीला सांगायला हवं. मी परळच्या शाखेत होते तेव्हा गिरण्या एकेक करून बंद होत होत्या आणि कामगार व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, चेक घेऊन येत. एकदा एक गृहस्थ आले. चेकवर आडनाव व्हीने, पासबुकावर डब्ल्यूने. आमच्या अधिकाऱ्यांनी तो चेक वसुलीला घेतला नाही. गिरणीचा पास मागितला, रेशनकार्ड मागितलं, गिरणीच्या कार्यालयातून पत्र आणायला सांगितलं. आयुष्यभराची कमाई त्या कागदावर होती आणि एका अक्षरासाठी माणूस दोन दिवस हेलपाटे घालत होता. मला तेव्हा अधिकाऱ्यांची चीड आली होती. ते शांतपणे म्हणाले, हा चेक उद्या दुसऱ्याच कुणा सावंताने आणला असता आणि आपण घेतला असता, तर यांना पैसे कुणी दिले असते?

त्या प्रश्नाला कायद्यात उत्तर होतं. अकाउंट पेयी चेक भलत्याच्या खात्यात जमा केला तर वसूल करणारी बँक अडकत असे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३१ चं संरक्षण तिला मिळतं, पण सद्भावनेने आणि हयगय न करता काम केलं असेल तरच. नाव न बघणं म्हणजे हयगय. म्हणून काउंटरवरचा साधा कारकूनही नाव बघायचा. त्याच्या दक्षतेमागे त्याच्या बँकेचा पैसा उभा होता. चेक गेला, नंबर आला, आणि नाव बघण्याचं काम घेणाऱ्या बँकेकडून निघून पाठवणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडलं. ज्याच्याकडे समोरच्याचा केवायसी नाही, ज्याला समोरच्याचं खातं दिसत नाही, त्याच्या गळ्यात. खातं उघडताना ज्यांनी आधार, पॅन, फोटो, सही सगळं घेतलेलं असतं त्या बँकेला मात्र कुणी काही विचारत नाही.

याची किंमत कोण मोजतं ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत सेक्रेटरी म्हणून एक निवृत्त गृहस्थ काम बघत. मानधन शून्य. २०२२ च्या पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं होतं. कंत्राटदाराच्या ईमेलवरून बिल आलं, सोबत चार ओळी : आमचं जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, यापुढे नव्या खात्यात भरावेत. लेटरहेड तेच, शिक्का तोच. त्यांनी साडेसहा लाखांची एनईएफटी केली, लाभार्थ्याच्या रकान्यात कंत्राटदाराच्या फर्मचं नाव नीट लिहिलं. आठवड्याने खऱ्या कंत्राटदाराचा फोन आला, पैसे कधी देताय?

ते खातं दुसऱ्या राज्यातल्या कुणा व्यक्तीच्या नावावर होतं. फर्मच्या नावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ज्या बँकेत ते होतं तिच्या संगणकात दोन्ही नावं त्या क्षणी हजर होती : खातेदाराचं, आणि आमच्या सेक्रेटरींनी लिहिलेलं. कुणी ती शेजारी ठेवून पाहिली नाहीत, कारण पाहणं बंधनकारक नव्हतं. बँकेकडून उत्तर आलं ते दोन ओळींचं : आपल्या सूचनेनुसार दिलेल्या खाते क्रमांकावर रक्कम जमा करण्यात आली आहे. सर्वसाधारण सभेत जे व्हायचं ते झालं. ‘तुम्ही फोन करून का नाही विचारलंत?’ हा प्रश्न वीस जणांनी वीस वेळा विचारला. त्या गृहस्थांनी राजीनामा दिला आणि आपल्या पेन्शनीतून सोसायटीला हप्त्याने पैसे भरायला घेतले. कुणी मागितले नव्हते. त्यांच्याच्याने राहवेना.

कायदा त्यांच्या बाजूने काहीच म्हणत नव्हता असं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेला पैसा घेणाऱ्याने परत केलाच पाहिजे. पण त्यासाठी तो माणूस सापडावा लागतो आणि खात्यात पैसे उरावे लागतात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला चांगलं संरक्षण देतं, पण ते त्याच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी. इथे ओटीपी सेक्रेटरींनी स्वतः टाकला होता. फसवून घेतलेली परवानगी ही कागदावर परवानगीच ठरते.

मग २०२४ आलं. ९ ऑक्टोबरच्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, आणि ३० डिसेंबरच्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं, की आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी पाठवणाऱ्याला लाभार्थ्याचं बँकेत नोंदलेलं नाव बघता आलं पाहिजे. मुदत १ एप्रिल २०२५. नेट बँकिंगवर, मोबाइलवर आणि शाखेत येणाऱ्या ग्राहकालाही, आणि कोणतंही शुल्क न घेता. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये हे आधीपासून होतं. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की भाजीवाल्याला चाळीस रुपये देताना आपण त्याचं नाव वाचत होतो आणि घरासाठी चाळीस लाख पाठवताना आंधळेपणाने पाठवत होतो. ही सोय फार उशिरा आली, पण आली याचा मला मनापासून आनंद आहे. त्या रविवारी ‘सुमन’ हे नाव दिसलं ते या सोयीमुळेच. २०२२ मध्ये आमच्या सेक्रेटरींना ती असती तर ते आज ताठ मानेने जिना चढले असते.

तरीही काम अर्धवट राहिलं आहे. नाव दाखवलं जातं, पण जुळवायचं काम पुन्हा पाठवणाऱ्यावरच. नाव दिसलंच नाही तर? स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जा. वेगळं दिसलं तर? तेही स्वतःच्या जबाबदारीवर. उलट आता घोटाळा झाला तर बँक म्हणू शकेल की नाव तर तुम्हाला दाखवलं होतं. जे ग्राहकाच्या रक्षणासाठी आणलं, ते त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ नये.

युरोपात हे वेगळ्या रीतीने करतात. तिथे पाठवणारा स्वतः नाव लिहितो आणि घेणारी बँक सांगते : जुळतं, जवळपास जुळतं, किंवा जुळत नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी हे २०२० मध्ये सुरू केलं, युरो वापरणाऱ्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झालं. ‘जवळपास’ हा मधला खण आपल्यासाठी मोलाचा आहे, व्ही आणि डब्ल्यूची भांडणं त्यात मिटतील. शिवाय पाठवणाऱ्याने कुणाचं नाव मनात धरून पैसे पाठवले याची नोंद राहते. आजच्या आपल्या पद्धतीत, माझा खाते क्रमांक ज्याच्या हाती पडेल त्याला माझं पूर्ण नाव दिसतं, पण त्याला कुणाला पैसे द्यायचे होते हे कुणी ताडून पाहत नाही.

खरा फरक मात्र पुढचा आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये, फसवणुकीने स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई मिळते, आणि ती पाठवणारी बँक व घेणारी बँक निम्मी निम्मी सोसतात. घेणाऱ्या बँकेच्या खिशाला हात लागला की ती नाव बघायला लागते. आमच्या परळच्या अधिकाऱ्यांना हे कुणी लंडनहून शिकवलं नव्हतं.

यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप मी ऐकलेला आहे. भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेपर्वा होतील. मी काउंटरवर तीस वर्षं लोक पाहिले आहेत. घराचे, लग्नाचे, दवाखान्याचे पैसे भरताना माणसाचा हात थरथरतो. भरपाई आहे म्हणून कुणी आयुष्यभराची पुंजी हलगर्जीपणाने पाठवत नाही. आणि जो खरोखरच डोळे मिटून वागला त्याला वगळण्याची तरतूद ब्रिटननेही ठेवली आहे. चोरांना पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची यंत्रणा तयार केली आहे, म्हणजे घेणाऱ्या बँकेला संशयित खातं ओळखता येतं हे रिझर्व्ह बँकेलाही मान्य आहे. ओळखता येत असेल तर न ओळखण्याची किंमतही तिनेच द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे. नावं प्रामाणिक कारणांनीही जुळत नाहीत. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. माहेरची सुमन सासरी मंगल होते. शाळेचा दाखला एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या, आणि लग्नाआधी वडिलांनी उघडून दिलेलं खातं पहिल्या नावाने तसंच चालू. नावबदलाची जाहिरात चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात देऊन राजपत्र घेतलेल्या बायका थोड्या, न घेतलेल्या फार. बिल्डरांचंही तसंच. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पासाठी तीन स्वतंत्र खाती ठेवायला लावली. ग्राहकाचे सगळे पैसे त्यातल्या कलेक्शन खात्यात जायचे असतात, आणि त्या खात्याच्या नावात कंपनीपुढे प्रकल्पाचं नाव जोडलेलं असू शकतं. न जुळणारं प्रत्येक नाव चोराचं नसतं, हे मला मान्य आहे.

म्हणूनच माझी मागणी बंदीची नाही. दोन लाखांवरची रक्कम नव्या लाभार्थ्याला जात असेल आणि नाव जुळत नसेल, तर ती एक दिवस थांबवावी आणि खुलासा मागावा. खुलासा लाभार्थ्याने स्वतःच्या बँकेला द्यावा, कारण कागद तिथे आहेत. आरटीजीएसने गेलेली रक्कम अंतिम मानली जाते, बँकेला ती परस्पर मागे खेचता येत नाही. १४ डिसेंबर २०२० पासून ती रविवारी, रात्रीबेरात्रीही जाते, जेव्हा ना शाखा उघडी असते ना वकील फोन उचलतो. जी गोष्ट परत फिरत नाही तिला सोमवारपर्यंत थांबवण्यात कुणाचं नुकसान होतं? पळून जायची घाई ज्याला आहे त्याचंच.

ते होईपर्यंत आपणच आपलं रक्षण करायचं आहे, आणि इथे एक समज मला आग्रहाने खोडायचा आहे. आधी एक रुपया पाठवून बघायचा, पोचला की बाकीचे पाठवायचे, ही रीत मुंबईत घरोघर आहे. एक रुपया पोचला यावरून एवढंच कळतं की ते खातं चालू आहे. ते कुणाचं आहे हे कळत नाही. ‘आला हं एक रुपया’ असं चोरही सांगतो. रुपया पाठवल्यावर विचारायचं ते ज्याला तुम्ही आधीपासून ओळखता त्या माणसाला, आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. खाते क्रमांक ज्या संदेशातून आला त्याच संदेशातल्या फोनवर पडताळणी करणं म्हणजे चोरालाच साक्षीला उभं करणं. रद्द केलेल्या चेकचा फोटो मागण्यापेक्षा मूळ पासबुक समोर बसून पाहावं, फोटो आता कुणीही बनवतो. करारनामा, पॅन आणि खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. पन्नास लाखांच्या आणि त्यावरच्या घराला खरेदीदाराने विकणाऱ्याच्या पॅनवर एक टक्का टीडीएस भरायचाच असतो, तेव्हा पॅन मागायला संकोच कशाला? आणि शंका फिटेनाच, तर करारनाम्यातल्या नावाची अकाउंट पेयी पे ऑर्डर, म्हणजे बँकेनेच काढलेला चेक, घेऊन समोरासमोर हातात द्यावी. तिथे नाव अजून चालतं. इतकं करूनही घात झाला, तर सभेची वाट न बघता त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि आपल्या बँकेत तक्रार. पैसे खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात.

आणि विचारायला लाजू नये. आपल्याकडे पैशाच्या व्यवहारात ‘हे नाव कुणाचं?’ असं विचारलं की समोरच्याला अविश्वास वाटतो, म्हणून भिडेखातर माणसं गप्प बसतात आणि बटण दाबतात. माझा भाचाही त्या रविवारी हेच म्हणत होता, ‘मावशी, त्या वयाने मोठ्या आहेत, बरं दिसत नाही गं.’ मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला.

सोमवारी आम्ही दोघं मुलुंडला गेलो. बाई आधी खरंच दुखावल्या. मग आतून ट्रंक काढली, लग्नाची पत्रिका काढली, जुनं पासबुक काढलं. सुमन त्याच होत्या. खातं माहेरच्या नावाचं, पॅन आणि घर सासरच्या नावाचं. पे ऑर्डर दिली असती तर त्यांच्याच बँकेत ती अडली असती. बोलता बोलता त्यांच्याही लक्षात आलं की एवढी मोठी रक्कम या नावाच्या खात्यात आली असती तर उद्या आयकराला आणि मुलांना उत्तरं देत बसावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या विवाह नोंदणीचा दाखला आणि पॅन घेऊन बँकेत गेल्या आणि नावबदलाचा अर्ज दिला. दुसरी पार्टी काही आली नाही.

शुक्रवारी दुपारी भाच्याने जुना लाभार्थी काढून टाकला आणि तोच खाते क्रमांक नव्याने भरला. पडद्यावर मंगल आलं. करारनाम्याचा कागद शेजारी घेऊन, बोट ठेवून, त्याने नाव, पतीचं नाव, आडनाव अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मग अठरा लाख पाठवले.